खाडीचा हिशोब आणि परजीवी

मराठीत एखाद्या माणसाला 'बांडगूळ' म्हटले, की त्याच्याविषयी आणखी काही सांगण्याची गरज उरत नाही. आंब्याच्या फांदीवर रुजून आंब्याच्याच रसावर वाढणाऱ्या त्या वनस्पतीची भाषेने केव्हाच शिवी करून टाकली आहे. जळू, गोचीड, ऊ ह्यांचीही तीच गत. युरोपीय भाषांतही निराळा प्रकार नाही. तिकडे परजीवी प्राण्यासाठी जो शब्द रूढ झाला, त्याच्या ग्रीक मुळाचा अर्थ दुसऱ्याच्या पंक्तीला बसून जेवणारा असा आहे. ऐतखाऊपणाविषयीचा हा तिरस्कार माणसांच्या व्यवहारात योग्यच म्हणावा लागेल. परंतु निंदेचा शब्द विज्ञानात शिरला, की तेथे निरीक्षण थांबते आणि निवाडा सुरू होतो. परजीवी हा ऐतखाऊ. ऐतखाऊला सृष्टीच्या संसारात काम नाही. आणि ज्याला काम नाही त्याचा हिशोब ठेवण्याचे कारण नाही, अशी ही नकळत चालणारी अनुमानपरंपरा आहे.

ह्या परंपरेचा परिणाम शालेय पुस्तकांतही दिसतो. गवत, टोळ, बेडूक, साप आणि गरुड ही अन्नसाखळी प्रत्येक विद्यार्थ्याने वहीत काढलेली असते. त्या टोळाच्या पोटात, बेडकाच्या फुप्फुसात आणि सापाच्या आतड्यात राहणारे जीव मात्र त्या आकृतीत कोठेच नसतात. ते भेटतात ते पुढे, रोगांच्या प्रकरणात. जणू परजीवी हा निसर्गाचा भाग नसून निसर्गाला झालेला आजार आहे! ही विभागणी चुकीची आहे, एवढेच नव्हे तर ती निसर्गाच्या रक्षणाच्या कामी दिशाभूल करणारी आहे, असे गेल्या काही दशकांतील संशोधन सांगते. हे संशोधन मुख्यत्वे नदीमुखांवर, म्हणजे खाड्यांच्या चिखलात झाले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

खाडीच का?

नदीचे गोडे पाणी आणि समुद्राचे खारे पाणी जेथे एकमेकांत मिसळते, तेथील जीवसृष्टी विलक्षण समृद्ध असते. नदी गाळ आणते, भरती क्षार आणते, आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर सूक्ष्म शैवालांची साय धरते. ती साय गोगलगायी खातात, चिखलातील किडे व खेकडे कुजका पाला खातात, त्यांच्यावर मासे जगतात आणि माशांवर बगळे, करकोचे व इतर पाणपक्षी जगतात. एवढ्या लहानशा जागेत एवढे भिन्न प्राणी इतक्या दाटीने एकत्र येतात, ही गोष्ट परजीवींच्या फार सोयीची आहे. कारण पुष्कळशा परजीवींना आपले आयुष्य पुरे करण्यासाठी एक प्राणी पुरत नाही. दोन किंवा तीन निरनिराळ्या प्राण्यांच्या शरीरांतून क्रमाने जावे लागते. अशा प्राण्यांना शास्त्रज्ञ 'पोषक' म्हणतात. जेथे सर्व पोषक हाताच्या अंतरावर नांदतात, तेथे परजीवींची वस्तीही नांदती असते.

पोषक बदलत जाणाऱ्या ह्या जीवनक्रमाचा उलगडा होण्यास फार काळ लागला. डॅनिश प्राणिशास्त्रज्ञ यापेटुस स्टीनस्ट्रुप ह्यांनी १८४२ मध्ये असे दाखवून दिले, की गोगलगायीतून बाहेर पडून पोहणारे शेपटीचे सूक्ष्म जीव आणि मोठ्या प्राण्यांच्या शरीरात आढळणारे पानासारखे चपटे कृमी हे वेगळे प्राणी नसून एकाच प्राण्याच्या दोन अवस्था आहेत. पुढे १९२७ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन ह्यांनी आपल्या प्राणिपरिस्थितिविज्ञानावरील ग्रंथात अन्नसाखळीची कल्पना सुस्पष्ट केली, तेव्हा त्यांनी परजीवींसाठी एक स्वतंत्र प्रकरण राखून ठेवले होते. नंतरच्या अभ्यासकांनी अन्नसाखळी उचलली आणि ते प्रकरण बहुधा बाजूस ठेवले. त्याची कारणे समजण्यासारखी आहेत. परजीवी लहान असतात, दुसऱ्याच्या शरीरात दडलेले असतात, ते पाहण्यासाठी पोषकाचे विच्छेदन करावे लागते आणि ते ओळखण्यासाठी तज्ज्ञ लागतो. दुर्बीण लावून बगळे मोजणे ह्याहून पुष्कळ सोपे! परंतु मोजण्यास कठीण असलेली वस्तू क्षुल्लक मानणे, ही शास्त्राची रीत नव्हे.

मेंदूवरील पाहुणा

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्निया राज्यातील सांता बार्बरा शहराजवळ कार्पिंटेरिया नावाची एक खारी दलदल आहे. केव्हिन लॅफर्टी, आर्मंड क्युरिस आणि त्यांचे सहकारी ह्यांनी ह्या दलदलीत अनेक वर्षे काम केले. तेथील चिखलात शिंगाच्या आकाराचा निमुळता शंख असलेली एक गोगलगाय हजारोंच्या संख्येने आढळते. पाण्यात बोटाएवढा किलीफिश नावाचा मासा विपुल असतो, आणि किनाऱ्यावर बगळ्यांची वर्दळ असते. ह्या तिघांना एकत्र बांधणारा चौथा प्राणी म्हणजे युहॅप्लॉर्किस कॅलिफॉर्निएन्सिस हा एक पर्णकृमी होय.

ह्या कृमीचा प्रवास असा होतो. प्रौढ कृमी पक्ष्याच्या आतड्यात राहतो व त्याची अंडी विष्ठेबरोबर चिखलावर पडतात. गोगलगाय चिखल चरताना ती अंडी गिळते. तिच्या शरीरात कृमीचे डिंभ वाढतात, आपल्यासारखीच संतती निर्माण करतात आणि तिची जननग्रंथी व्यापून टाकतात. गोगलगाय मरत नाही. ती चरते, हिंडते, वर्षानुवर्षे जगते. मात्र तिला पिल्ले होत नाहीत. तिने खाल्लेल्या अन्नातून जी अंडी तयार व्हायची, त्यांच्या जागी कृमीचे डिंभ तयार होतात. दिसायला ती गोगलगायच असते, पण तिचा संसार दुसऱ्याचा झालेला असतो. शेपटीचे डिंभ मग पाण्यात उतरतात, किलीफिश माशाला गाठतात, त्याच्या शरीरात शिरून मज्जातंतूच्या वाटेने मेंदूपर्यंत पोहोचतात आणि मेंदूच्या पृष्ठभागावर कोश करून राहतात. एकेका माशाच्या मेंदूवर असे शेकडोच काय, हजाराहून अधिक कोश सापडतात.

आता कृमीला पुन्हा पक्ष्याच्या पोटात जायचे असते. आणि मासा तर पक्ष्याला चुकवीत असतो. लॅफर्टी आणि किमो मॉरिस ह्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ह्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. कृमीने ग्रासलेले मासे मधूनच पृष्ठभागाकडे धाव घेत, एका अंगावर वळून आपली चंदेरी बाजू झळकावीत, थरथरत आणि गिरक्या घेत. निरोगी माशांच्या मानाने अशा डोळ्यांत भरणाऱ्या हालचाली त्यांच्यात सुमारे चौपट होत्या. संशोधकांनी दोन्ही प्रकारचे मासे दलदलीतच कुंपण घालून ठेवले; एक कुंपण पक्ष्यांना मोकळे ठेवले आणि दुसऱ्यावर जाळी घातली. मोकळ्या कुंपणातील उरलेल्या माशांची तपासणी केली, तेव्हा असे आढळले की पक्ष्यांनी ग्रासलेले मासे निरोगी माशांपेक्षा १० ते ३० पटींनी अधिक खाल्ले होते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात ह्या माशांच्या मेंदूतील रासायनिक संदेशवाहकांच्या व्यवहारातही फरक दिसून आला.

ह्या कथेकडे केवळ एक चमत्कार म्हणून पाहणे सोपे आहे. परंतु विचार करण्याजोगा प्रश्न त्यापुढे आहे. बगळ्याला रोज जे मासे सहज मिळतात, त्यांतील पुष्कळसे त्याला कोण मिळवून देतो? आपल्या आकृतीत माशापासून बगळ्याकडे जाणारा एक सरळ बाण असतो. त्या बाणावर एका अदृश्य प्राण्याचा हात आहे, हे आकृती सांगत नाही. कृमीमुळे बगळ्याला होणारा उपद्रव थोडाच असतो. सहज मिळणाऱ्या भक्ष्याच्या बदल्यात तो त्याला परवडतो, असे मानण्यास जागा आहे. म्हणजे पंक्तीला फुकट जेवणारा म्हणून ज्याची हेटाळणी झाली, तोच येथे पंक्तीत वाढप्याचे काम करतो आहे.

तराजूत घातल्यावर

परजीवी असतील पुष्कळ, पण ते इतके बारीक की त्यांच्या वजनाचा हिशोब तो काय, असा आक्षेप पूर्वी घेतला जाई. ह्या आक्षेपाला उत्तर देण्याचा मार्ग एकच होता : प्रत्यक्ष वजन करणे. कॅलिफोर्नियातील कार्पिंटेरिया आणि त्याच किनाऱ्यावर दक्षिणेस मेक्सिकोच्या हद्दीतील दोन खाड्या, अशा एकूण तीन ठिकाणी स्वतंत्रपणे जगणाऱ्या आणि परजीवी अशा दोन्ही प्रकारच्या प्राण्यांचे एकंदर जैववस्तुमान मोजण्यात आले. २००८ मध्ये 'नेचर' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेले निष्कर्ष अनपेक्षित होते. ह्या खाड्यांतील परजीवींचे वजन पक्ष्यांसारख्या शिखरस्थ भक्षकांच्या वजनाहून अधिक भरले. एकट्या पर्णकृमींचे वजन पक्षी, मासे किंवा चिखलातील किडे ह्यांच्या वजनाशी तुलना करण्याजोगे होते. आणि गोगलगायींतून वर्षभरात पाण्यात उतरणाऱ्या पोहत्या डिंभांचे एकंदर वजन तर खाडीतील सर्व पक्ष्यांच्या वजनापेक्षाही जास्त होते.

हे डिंभ सर्वच आपल्या पोषकापर्यंत पोहोचत नाहीत. पोहोचतात ते थोडे. बाकीचे पाण्यातील इतर प्राण्यांच्या तोंडी पडतात. लहान मासे ते आवडीने खातात, असे निरीक्षण आहे. याचा अर्थ परजीवी हे केवळ खाणारे नसून खाद्यही आहेत. चिखलावरील शैवालाची ऊर्जा गोगलगायीत जाते, तेथून कृमीत, कृमीच्या डिंभातून माशात. हा खाडीच्या अर्थव्यवहाराचा एक मोठा प्रवाह आहे, आणि बराच काळ तो कोणत्याही जमाखर्चात लिहिला गेला नाही.

वजनाप्रमाणेच दुव्यांचाही हिशोब झाला. कोण कोणाला खातो ह्याच्या नुसत्या साखळ्या न काढता सर्व साखळ्यांचे मिळून जे जाळे होते, त्यास अन्नजाळे म्हणतात. कार्पिंटेरियाच्या अन्नजाळ्यात परजीवींची भर घातली, तेव्हा एकंदर दुव्यांपैकी सुमारे तीनचतुर्थांश दुव्यांत परजीवींचा संबंध आहे असे आढळले. लॅफर्टी, अँड्र्यू डॉब्सन आणि क्युरिस ह्यांनी २००६ मध्ये मांडलेला आणखी एक निष्कर्ष महत्त्वाचा आहे. परजीवी वगळून पाहिले, तर साखळीत जो प्राणी जितका वर तितके त्याला शत्रू कमी, असे दिसते. परजीवी धरून पाहिले, तर सर्वाधिक शत्रू मधल्या पायरीवरील प्राण्यांना असतात असे दिसून येते. म्हणजे परजीवी गाळले, की चित्र केवळ अपुरे राहत नाही. ते चुकीचे होते.

अन्य किनाऱ्यांची साक्ष

एका दलदलीवरून सर्व जगाचा निर्णय करणे योग्य होणार नाही. म्हणून दुसऱ्या किनाऱ्यांकडे पाहावे. न्यूझीलंडच्या ओटागो बंदरात एक शिंपला चिखलात पुरून राहतो. त्याच्या मांसल पायात एका पर्णकृमीचे कोश साठले, की तो पाय चिखल उकरण्यास असमर्थ होतो आणि शिंपला पृष्ठभागावरच पडून राहतो. तेथे किनाऱ्यावरील पक्षी त्याला सहज टिपतात व कृमीचा पुढचा प्रवास पार पडतो. पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. मऊ चिखलात जेथे चिकटण्यास कठीण जागा मिळत नाही, तेथे हे उघडे पडलेले शिंपले समुद्रफुलांना आणि शंखवर्गीय लहान प्राण्यांना घरे पुरवितात. कृमी नसता, तर त्या चिखलात ह्या बिऱ्हाडकरूंना जागा थोडीच मिळाली असती.

डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावरील वाडन समुद्राची साक्ष वेगळी आहे. तेथील चिखलात कॉरोफियम नावाचा झिंग्याच्या दूरच्या नात्यातील एक बारीक प्राणी दाट वस्ती करून राहतो, आणि त्याच्या बिळांमुळे गाळ जागच्या जागी धरला जातो. १९९० च्या वसंत ऋतूत एका किनारपट्टीवरील ही वस्ती थोड्या आठवड्यांत नाहीशी झाली. असाधारण उबदार हवेमुळे चिखलातील गोगलगायींतून पर्णकृमींचे डिंभ एकदम मोठ्या संख्येने बाहेर पडले असावेत आणि त्यांनीच हा संहार केला असावा, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. वस्ती गेल्यावर गाळाची बांधणीही ढासळली. परजीवी जोडतात तसे मोडूही शकतात, ह्याचे हे उदाहरण आहे. ते येथे मुद्दाम दिले आहे. कारण परजीवींची बाजू मांडणे म्हणजे त्यांना साधुत्व बहाल करणे नव्हे. ज्याच्या हालचालीने चिखलाची घडण पालटते, तो प्राणी हिशोबाबाहेर ठेवता येत नाही, एवढाच मुद्दा आहे.

आक्षेप आणि उत्तर

ह्यावर कोणीही समंजस वाचक विचारील, की परजीवींनी माणसाला दिलेले दुःख विसरावयाचे काय? नारूने पिढ्यान्‌पिढ्या ह्या देशातील खेडुतांना जेरीस आणले. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरणाऱ्या माणसाच्या पायातून हातभर लांबीचा कृमी बाहेर पडताना ज्यांनी पाहिला, त्यांच्यापुढे परजीवींची थोरवी गाण्याचे धाडस कोण करील? भारतात नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये नोंदला गेला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचे मान्य केले. हा सार्वजनिक आरोग्याचा मोठा विजय आहे व त्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. त्याचप्रमाणे आपल्या किनाऱ्यावरील कोळंबीच्या तळ्यांत वाढ खुंटविणाऱ्या सूक्ष्म परजीवीचा बंदोबस्त करणे हेही शेतकऱ्याच्या दृष्टीने आवश्यकच आहे.

परंतु माणसाच्या अंगणातील साप मारणे आणि रानातील सारे साप हानिकारक ठरविणे ह्यांत जो फरक आहे, तोच येथे आहे. वाघ माणसे मारतो, म्हणून वाघाला अन्नसाखळीतून कोणी खोडले नाही. उलट वाघ असणे हे अरण्याच्या प्रकृतीचे लक्षण आहे, असे आज शाळेतील मुलेही सांगतात. हरणांची संख्या आवरणारा वाघ आणि गोगलगायींचे प्रजनन थांबवून त्यांची संख्या आवरणारा कृमी ह्यांच्या कार्यात तत्त्वतः भेद तो किती? भेद एवढाच, की वाघ देखणा आहे.

दुसरा आक्षेप शास्त्रज्ञांनीच घेतला आहे आणि तो अधिक विचारार्ह आहे. २०१३ मध्ये जेनिफर डन व त्यांच्या सहकाऱ्यांनी किनाऱ्यांवरील सात अन्नजाळी तपासून असे दाखविले, की परजीवी घातल्यावर जाळ्याच्या रचनेत जो फरक पडतो, त्याचा बराच भाग केवळ प्राण्यांची व दुव्यांची संख्या वाढल्यामुळे पडतो. कोणत्याही प्रकारचे तितकेच नवे प्राणी घातले असते तरी तो पडला असता. हा निष्कर्ष मान्य करावयास हवा. मात्र त्याने परजीवींना वगळण्याचे समर्थन होत नाही. जाळ्यातील एवढे प्राणी आणि एवढे दुवे गाळले होते, हेच तर त्याने सिद्ध होते. शिवाय परजीवी ज्या विशिष्ट रीतीने भक्ष्याबरोबर खाल्ले जातात व एकाच आयुष्यात अनेक प्राण्यांशी संबंध जोडतात, ती रीत इतर प्राण्यांत आढळत नाही, हेही त्याच अभ्यासात नमूद आहे.

प्रकृतीची परीक्षा

आता व्यवहाराकडे वळू. ज्या कृमीला गोगलगाय, मासा आणि पक्षी हे तिन्ही पोषक लागतात, तो कृमी जेथे आहे तेथे ते तिन्हीही नियमितपणे आहेतच, असे गोगलगाय उघडून सांगता येते. पक्षी पाहणीच्या दिवशी आला नसेल, मासा जाळ्यात सापडला नसेल. गोगलगायीच्या पोटातील नोंद मात्र पुसली जात नाही. ह्या तत्त्वाचा उपयोग कार्पिंटेरियात प्रत्यक्ष केला गेला. दलदलीच्या बिघडलेल्या भागाची १९९७ मध्ये दुरुस्ती झाली. त्या वेळी तेथील गोगलगायींत पर्णकृमींचे प्रमाण व प्रकार चांगल्या भागापेक्षा कमी होते. पुढील सहा वर्षांत दोन्ही वाढत जाऊन चांगल्या भागाच्या बरोबरीस आले. पक्षी परतले होते आणि त्यांच्यामागून त्यांचे कृमीही परतले होते. खाडी सुधारली ह्याचा पुरावा परजीवींच्या वाढीने दिला. सामान्य समजुतीच्या हे नेमके उलट आहे.

ह्याउलट दुवे तुटल्यावर काय होते, तेही त्याच राज्यात दिसून आले. जपानहून कालवे आणताना त्यांच्याबरोबर चिखलातील एक परकी गोगलगाय कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागातील खाड्यांत आली व तिने काही ठिकाणी मूळच्या गोगलगायीला हुसकावून लावले. वरवर पाहता एका गोगलगायीच्या जागी दुसरी आली. चिखल चरला जातच होता. पण मूळच्या गोगलगायीत दहा प्रकारचे पर्णकृमी राहत असत, तर परक्या गोगलगायीत एकच आढळला, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. गोगलगायी मोजणाऱ्याला खाडी भरलेलीच दिसली असती. तिच्या आतील दहा जीवनक्रम रिकामे झाल्याचे त्याला कळलेही नसते.

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील प्युजेट साउंड ह्या विस्तीर्ण नदीमुखाचा पुरावा तर शंभराहून अधिक वर्षांचा आहे. संग्रहालयांत १८८० पासून बरण्यांत जपून ठेवलेले आठ जातींचे मासे चेल्सी वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उघडून त्यांतील परजीवी मोजले. २०१९ पर्यंतच्या माशांशी तुलना करून २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा, की ज्यांना तीन किंवा अधिक पोषक लागतात असे परजीवी ह्या काळात घटत गेले आणि ही घट पाण्याच्या वाढत्या तापमानाशी निगडित आहे. जग तापले की रोग व परजीवी वाढणारच, असा जो सरसकट समज आहे, त्याला ह्याने धक्का दिला. वाघ नाहीसे झाल्याची बातमी होते. हे प्राणी शंभर वर्षे नाहीसे होत राहिले आणि ते कोणाच्या लक्षात आले नाही, कारण त्यांची मोजणी करावी असे कोणास वाटले नव्हते.

आपल्या खाड्यांपुरते

भारताच्या किनाऱ्यावर खाड्यांची वाण नाही. ओडिशातील चिल्का सरोवर १९८१ मध्ये, सुंदरबन २०१९ मध्ये आणि ठाण्याची खाडी २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ प्रदेशांच्या रामसर यादीत आली. कार्पिंटेरियातील गोगलगायीच्या कुळातील गोगलगायी आपल्याही चिखलवटीत मुबलक आहेत आणि त्यांच्यातही पर्णकृमींचे डिंभ राहतात. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था १९१६ पासून आणि गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून काम करीत आहेत. म्हणजे खाड्या आहेत, प्राणी आहेत, संस्थाही आहेत. उणीव आहे ती दृष्टीची.

खाडीच्या रक्षणाची योजना आखताना खारफुटीची झाडे मोजली जातात, रोहित मोजले जातात, मासळीची आवक मोजली जाते. हे सर्व आवश्यक आहे. परंतु लावलेली रोपे मोजून खाडी जगली की नाही हे कळत नाही. पडलेल्या घरात पुन्हा भिंती उभ्या केल्या, तरी तेथे संसार सुरू झाला की नाही हे निराळे पाहावे लागते. गोगलगाय, मासा आणि पक्षी ह्यांच्यातील देवघेव पुन्हा सुरू झाली की नाही, हे सांगणारा साक्षीदार त्या गोगलगायीतच बसला आहे. म्हणून ज्या खाडीची पाहणी होईल, तिच्यातील गोगलगायींच्या आणि माशांच्या परजीवींची नोंदही त्या पाहणीचा नियमित भाग असावी. त्यास प्रचंड खर्च लागत नाही. सूक्ष्मदर्शक, कात्री आणि ओळखणारा डोळा लागतो. ह्यांपैकी तिसरी वस्तू सर्वांत दुर्मीळ होत चालली आहे. कृमींचे वर्गीकरण शिकणारे विद्यार्थी पुढे आले नाहीत, तर पहिल्या दोन वस्तू असून नसल्यासारख्या होतील.

असे विद्यार्थी शाळेतच घडतात. किनाऱ्यावरील शाळेला ह्यासाठी प्रयोगशाळाही लागणार नाही. खाडीच्या चिखलातील मूठभर गोगलगायी काचेच्या बशीत त्याच खाडीचे पाणी घालून उन्हात किंवा दिव्याखाली ठेवाव्यात. त्यांतील एखाद्या गोगलगायीतून काही वेळाने शेपटी हलविणाऱ्या ठिपक्यांचा धूर निघताना भिंगातून दिसण्याचा चांगला संभव असतो. शिक्षकांनी पाण्यात उघडे हात बुडू न देण्याची दक्षता घ्यावी, नंतर हात धुवावेत आणि गोगलगायी जेथून आणल्या तेथेच नेऊन सोडाव्यात. ज्या विद्यार्थ्याने हे एकदा पाहिले, त्याला अन्नसाखळीचा सरळ बाण पुन्हा पुरा वाटणार नाही.

आणि पाठ्यपुस्तकांच्या संपादकांकडे एक मागणी आहे. खाडीच्या आकृतीत शैवाल, गोगलगाय, मासा आणि बगळा ह्यांच्याबरोबर पर्णकृमीलाही एक जागा द्यावी, आणि त्याच्याकडून निघणारे बाण काढावेत : एक गोगलगायीकडे, एक माशाकडे, एक पक्ष्याकडे, आणि त्याच्या डिंभांपासून लहान माशांच्या तोंडाकडे जाणारा आणखी एक. आकृती गिचमीड होईल, पाठ करण्यास अवघड होईल, परीक्षेत काढताना विद्यार्थ्यांची तारांबळ उडेल. पण खाडी तशीच गिचमीड आहे. सोपी आकृती शिकवून अवघड खाडी राखता येणार नाही.